होलोकॉस्ट आणि वंशसंहार शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

होलोकॉस्ट (नाझींनी केलेली युरोपातल्या ज्यूंची हत्या) आणि वंशसंहार यांवरची बहुतेक प्रशिक्षणं एकाच चाकोरीतून जातात. सकाळी उद्घाटन, लगेच ऑशविट्झ या नाझी छावणीचे फोटो, सापळे झालेली माणसं, प्रेतांचे ढीग. सभागृह सुन्न होतं. दुपारी ‘आजच्या काळाशी संबंध’ या नावाखाली तासभर चर्चा होते. तिच्यात एक तर वाद पेटतो, नाहीतर सगळे गप्प बसतात. शिक्षक हेलावून घरी जातात आणि पुढच्या आठवड्यात वर्गात तेच फोटो दाखवतात. मुलांनी ‘पण लोकांनी हे होऊ कसं दिलं?’ असं विचारलं, की त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

चूक क्रमाची आहे. आधी माणसं, मग पायऱ्या (छळ एकेका पावलानं कसा वाढत गेला ते), मग हत्या, आणि तुलना सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळला तर याच दोन दिवसांत शिक्षकाच्या हाती वर्गात वापरता येईल असं काही लागतं. पुढचं मार्गदर्शन डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते, केंद्रप्रमुख, साधनव्यक्ती, बी.एड.चे प्राध्यापक आणि शाळांसोबत काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहे. दोन पूर्ण दिवस, जास्तीत जास्त तीस शिक्षक आणि नववी-दहावीचे वर्ग असं गृहीत धरलं आहे. आठवीच्या खाली हत्येचा भाग नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

## पायरी १. तीन आठवडे आधी: शिक्षकांच्या मनात काय आहे ते विचारा

नाव न लिहिता भरायचा एक छोटा फॉर्म पाठवा. चार प्रश्न पुरतात:

१. हिटलरबद्दल तुमच्या वर्गातली मुलं काय बोलतात?
२. होलोकॉस्टमध्ये मारले गेलेले बहुतेक ज्यू कोणत्या देशांतले होते?
३. ज्यूंवरच रोख का होता, असं मुलानं विचारलं तर तुम्ही काय सांगाल?
४. हा धडा शिकवताना कोणत्या प्रश्नाची धास्ती वाटते?

फॉर्म परत आले, की तीन गोष्टी हमखास दिसतील. पहिली, हिटलरच्या ‘शिस्तीचं’ कौतुक. आपल्याकडे त्याचं आत्मचरित्र रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर यशस्वी माणसांच्या चरित्रांशेजारी मांडलेलं असतं, आणि शिक्षकही त्याच स्टॉलवरून पुस्तकं घेतात. दुसरी, ‘ज्यूंनी जर्मनीचा पैसा ताब्यात घेतला होता’ हे नाझी प्रचारातलं वाक्य इतिहास म्हणून उतरलेलं. तिसरी, बळी पडलेले बहुतेक जर्मन ज्यू होते हा समज. प्रत्यक्षात १९३३ मध्ये जर्मनीच्या लोकसंख्येत ज्यू एक टक्क्याहूनही कमी होते. मारल्या गेलेल्या सुमारे ६० लाखांपैकी निम्मे, म्हणजे जवळपास ३० लाख, पोलंडमधले होते.

सावधान: ही उत्तरं प्रशिक्षणात वाचून दाखवू नका, नाव नसलं तरीही. ती तुमच्या सत्रांची यादी ठरवण्यासाठी आहेत.

## पायरी २. साहित्य निवडा, आणि त्याहून जास्त साहित्य वगळा

फोटोंपासून सुरुवात करा. प्रत्येक फोटोच्या मागे तीन गोष्टी लिहा: कोणी काढला, कधी आणि कुठे, कशासाठी. हे करताना लक्षात येतं, की ओळखीचे कितीतरी फोटो गुन्हेगारांनीच काढलेले आहेत. हात वर केलेला वॉर्सा घेट्टोतला (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला) लहान मुलगा जगभर माहीत आहे. तो फोटो १९४३ चा उठाव चिरडणाऱ्या एसएस (नाझी निमलष्करी दल) अधिकाऱ्याच्या अहवालातला, आपली कामगिरी वरिष्ठांना दाखवण्यासाठी जोडलेला आहे. शिक्षकाला हे ठाऊक नसेल, तर तो नकळत मुलांना त्या अधिकाऱ्याच्या नजरेनंच बघायला लावतो.

नग्न देह आणि प्रेतांचे ढीग पूर्ण वगळा. ते कोणाचे तरी आई-वडील आहेत, आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नाही. शिवाय धक्का बसलेला विद्यार्थी विचार करत नाही. तो नजर वळवतो किंवा अस्वस्थपणे हसतो.

आणखी एक गोष्ट वगळायची: ‘अनुभव द्या’ प्रकारचे खेळ. मुलांना पिवळे तारे (नाझींनी ज्यूंवर सक्तीची केलेली खूण) लावणं, अर्ध्या वर्गाला पहारेकरी करणं, बाकं लावून रेल्वेचा डबा करणं. यातून त्या काळाचं काहीच कळत नाही. ज्या मुलाला गावात किंवा वर्गात आधीच बाजूला काढलं जातं, त्याच्यासाठी मात्र तो तास खेळ राहत नाही.

तपासा: कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीची किंवा जामनगरजवळच्या बालाचडीची गोष्ट तुमच्या साहित्यात ‘भारतानं होलोकॉस्टमधून वाचवलेले लोक’ म्हणून आली आहे का? ती दुरुस्त करा. वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित बहुतांश कॅथलिक होते, आणि त्यांना सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून सैबेरिया-कझाकस्तानकडे हद्दपार केलं होतं. ही गोष्ट मोलाची आहे, पण वेगळी आहे. महाराष्ट्राशी खरा धागा हवा असेल, तर नाझी राजवटीतून निसटून मुंबईत आलेले ज्यू निर्वासित घ्या. १९३४ मध्ये आलेले वॉल्टर कॉफमन आकाशवाणीत काम करू लागले. आकाशवाणीची ओळखधून त्यांचीच मानली जाते. त्यासोबत हेही सांगा, की युद्ध सुरू झाल्यावर अशा काही निर्वासितांना जर्मन पासपोर्टमुळे ब्रिटिश सरकारनं ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ म्हणून स्थानबद्ध केलं.

## पायरी ३. पहिलं सत्र: काय शिकवतोय ते पक्कं करा

पाऊण तास, त्याहून जास्त नको. फळ्यावर दोन गोष्टी.

होलोकॉस्ट: १९३३ ते १९४५ या काळात नाझी जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी युरोपातल्या ज्यूंचा केलेला पद्धतशीर छळ आणि सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या. याच राजवटीनं रोमा (ज्यांना ‘जिप्सी’ म्हटलं जाई), अपंग, पोलिश नागरिक आणि सोव्हिएत युद्धकैदी यांनाही लाखोंच्या संख्येनं मारलं. प्रत्येक गटाच्या बाबतीत कारणं आणि पद्धत वेगळी होती. एका वाक्यात सगळ्यांची मोट बांधू नका.

वंशसंहार: राफाएल लेमकिन या पोलिश-ज्यू कायदेतज्ज्ञानं १९४४ मध्ये मांडलेली संकल्पना, आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला करार. राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्ण वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू हा त्याचा कणा. त्यात पाच कृत्यं येतात: गटातल्या लोकांना मारणं, गंभीर शारीरिक वा मानसिक इजा, गट नष्ट होईल अशी जगण्याची परिस्थिती लादणं, जन्म रोखणं, आणि मुलं बळजबरीनं दुसऱ्या गटाकडे नेणं.

आता एक चाचणी द्या: १३ एप्रिल १९१९ चं जालियनवाला बाग या व्याख्येत बसतं का? बहुतेक शिक्षक आधी ‘हो’ म्हणतात, मग हेतूच्या निकषाशी अडखळतात. ते हत्याकांड होतं. व्याख्येत बसत नाही म्हणून त्याचा भीषणपणा कमी होत नाही. हे दुसरं वाक्य शिक्षकांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या, कारण मुलं नेमकी इथेच दुखावतात.

## पायरी ४. मरणाआधी जगणं

या सत्रात कोणी मरत नाही. १९३९ पूर्वीच्या ज्यू जीवनाचे फोटो ठेवा: विल्नोचं ग्रंथालय, थेस्सलोनिकीच्या बंदरातले हमाल, वॉर्साची फुटबॉल टीम, बर्लिनमधला डॉक्टर, खेड्यातला शिंपी. प्रत्येक जोडीला एक फोटो द्या आणि दोनच प्रश्न विचारा: या माणसाचा दिवस कसा जात असेल? आपल्या गावात हा कोणासारखा?

कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांशी ओळख असलेले शिक्षक इथे बोलू लागतात. रायगडमध्ये त्यांना शनिवार तेली म्हणत. ते घाणा चालवत, मराठी बोलत. ‘ज्यू’ हा शब्द ऐकला की आपल्या शिक्षकांच्या डोळ्यांसमोर फक्त बळी किंवा फक्त आजचं इस्रायल येतं. तो शब्द माणसांपर्यंत आणायला हे सत्र लागतं.

सावधान: वेळ कमी पडला की आयोजक हेच सत्र कापतात. कापायचंच असेल तर उद्घाटन कापा.

## पायरी ५. पायऱ्यांची पत्ती: प्रशिक्षणाचा गाभा

इथे अडीच तास द्या. पाच-पाचचे गट करा आणि प्रत्येक गटाला तारखा न लिहिलेल्या पत्त्यांचा (एका कार्डावर एक घटना) संच द्या. त्यांनी त्या क्रमानं लावायच्या. संचात निदान एवढ्या हव्यात (कंसातल्या तारखा फक्त तुमच्यासाठी):

- ज्यू दुकानांवर बहिष्कार (१ एप्रिल १९३३)
- ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा (७ एप्रिल १९३३)
- शाळा-कॉलेजांतल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा (एप्रिल १९३३)
- न्यूरेंबर्ग कायदे: नागरिकत्व काढून घेणं, मिश्र विवाहांवर बंदी (१५ सप्टेंबर १९३५)
- ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावरची एव्हियाँ परिषद: ३२ देश जमले, जवळपास कोणीच जास्त निर्वासित घ्यायला तयार झाला नाही (जुलै १९३८)
- ज्यूंच्या पासपोर्टवर ओळखीसाठी लाल ‘जे’ (ऑक्टोबर १९३८)
- प्रार्थनागृहं जाळणं, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांची छळछावण्यांत रवानगी (९-१० नोव्हेंबर १९३८)
- उरलेल्या ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढणं (१५ नोव्हेंबर १९३८)
- अपंगांची हत्या करणारी गुप्त योजना (१९३९ पासून)
- सोव्हिएत संघावर हल्ला आणि त्यामागून ज्यूंना गोळ्या घालणारी पथकं (जून १९४१)
- जर्मनीत पिवळा तारा सक्तीचा (सप्टेंबर १९४१)
- वानझे बैठक: ज्यूंच्या संहाराच्या अंमलबजावणीवर अधिकाऱ्यांची चर्चा (२० जानेवारी १९४२)

गट जवळजवळ हमखास पिवळा तारा सगळ्यात आधी लावतात. खरी तारीख कळली की आठ वर्षांचं अंतर त्यांच्या समोर उभं राहतं, आणि मग प्रश्न त्यांच्याकडूनच येतो: ‘एवढा वेळ होता, तर...’ तिथे थांबू द्या. लगेच उत्तर देऊ नका.

मग दुसरी फेरी. प्रत्येक पत्तीखाली लिहायचं: हे अमलात आणायला कोणाचे हात लागले? दुकानासमोर उभा राहणारा, यादी टाईप करणारा, दाखल्यावर सही करणारा मुख्याध्यापक, मोकळं झालेलं घर स्वस्तात घेणारा शेजारी. जर्मन रेल्वेनं छावण्यांकडे नेलेल्या लोकांचं तिसऱ्या वर्गाचं भाडं लावलं. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना फुकट. एवढा एक तपशील सांगितला की ‘हिटलरनं ज्यूंना मारलं’ हे वाक्य किती अपुरं आहे ते सगळ्यांना कळतं.

शिक्षकांसाठी एक पत्ती मुद्दाम राखून ठेवा. बहुसंख्य जर्मन शिक्षक नाझी शिक्षक संघटनेचे सदस्य झाले होते. ‘वंशशास्त्र’ अभ्यासक्रमात होतं. गणिताच्या पुस्तकांत मनोरुग्णांवर होणाऱ्या खर्चाची उदाहरणं होती: इतक्या पैशांत किती घरं बांधता येतील, ते काढा. हे उदाहरण फळ्यावर लिहा आणि शांतपणे विचारा, ‘हे सोडवून घेताना शिक्षकाला काय वाटत असेल?’ दोन दिवसांतला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण तो आपल्याच व्यवसायाला विचारलेला आहे.

तपासा: सत्र संपताना प्रत्येकाला तीन वाक्यं लिहायला सांगा, कर्ता असलेली. ‘ज्यूंना काढून टाकण्यात आलं’ चालणार नाही. कोणी काढलं? वर्गात मुलांची उत्तरं तपासतानाही हाच निकष लावायचा आहे.

## पायरी ६. हत्या: थोडक्यात, अचूक, पुराव्यानिशी

दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी कधीच नको. मन जड झालेलं असताना माणसांना एकेकटं घरी पाठवू नये.

इथली नेहमीची चूक म्हणजे सगळी कथा गॅस चेंबरची करणं. १५ ते २० लाख ज्यू गोळ्या घालून मारले गेले, बहुतेकदा त्यांच्याच गावाशेजारी. कीव्हजवळ बाबीन यारला २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ जणांना मारलं. हा आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला आहे. ऑशविट्झमध्ये सुमारे ११ लाख मारले गेले, त्यांतले जवळपास १० लाख ज्यू. त्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक या हत्याकेंद्रांची नावं मराठी पाठांत येत नाहीत, कारण तिथून वाचलेले जवळजवळ नाहीत. अपंगांना मारण्याच्या योजनेत तयार झालेली माणसं आणि तंत्रच या ठिकाणी वापरलं गेलं, हा धागा पायरी ५ मधल्या पत्तीशी जोडून दाखवा.

वानझेला संहाराचा ‘निर्णय’ झाला असं शिकवू नका. तोवर लाखो लोक मारले गेले होते. तिथे पंधरा अधिकाऱ्यांनी अंमलबजावणीची सांगड घातली.

रोमांचा भाग इथेच घ्या. अडीच ते पाच लाख रोमा मारले गेले असा अंदाज आहे. त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी भारतीय उपखंडाच्या वायव्य भागातून युरोपात गेले होते. ‘नाझी आर्यांना मानायचे, म्हणजे आपल्याला मानायचे’ असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्यासमोर ठेवायला याहून ठोस वस्तुस्थिती नाही.

सत्रानंतर अर्धा तास मोकळा सोडा. चहा, अंगण, काहीही. भाषण नको.

## पायरी ७. एक माणूस, नीट

यानुश कोरचाक घ्या, कारण ते डॉक्टर, लेखक आणि मुलांचे शिक्षक होते. वॉर्सा घेट्टोत ते अनाथाश्रम चालवत. १८ जुलै १९४२ रोजी तिथल्या मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’ सादर केलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यासह सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंकाला नेलं गेलं. सुटकेची संधी असतानाही त्यांनी मुलांना सोडलं नाही.

भारतीय शिक्षकांना ही गोष्ट भिडते, आणि म्हणूनच ती बिघडते. ती ‘भारतीय साहित्याचा विजय’ किंवा हौतात्म्याची कथा होते. त्याऐवजी प्रश्न द्या: उपासमारीच्या घेट्टोत त्यांनी शाळेची शिस्त, मुलांचं स्वतःचं न्यायालय, नाटक हे सगळं का चालू ठेवलं? सोबत याच घेट्टोतले इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांच्या गटानं दुधाच्या कॅन आणि पत्र्याच्या पेट्यांत पुरलेले कागद दाखवा. त्यांतले काही १९४६ ला, काही १९५० ला सापडले. प्रतिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे, हे त्यातून दिसतं.

सावधान: मदत करणाऱ्यांच्या गोष्टींनी धडा भरू नका. याद वाशेम या इस्रायलमधल्या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेनं ज्यूंना वाचवणारे म्हणून गौरवलेल्या बिगरज्यूंची संख्या सुमारे २८ हजार आहे. एवढ्या मोठ्या युरोपात.

## पायरी ८. अवघड प्रश्नांची तालीम

व्याख्यान देऊ नका, तालीम करा. एक शिक्षक विद्यार्थी होतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा नोंद घेतो. प्रश्न पायरी १ च्या फॉर्ममधून उचला.

‘हिटलरनं बेकारी संपवली ना?’ रागावू नका. आधी विचारा, कुठे वाचलंस. मग सांगा: युद्धसामग्रीवरचा प्रचंड खर्च, १९३५ पासून सक्तीची लष्करभरती, आणि नोकरीतून काढलेले ज्यू व बऱ्याच स्त्रिया बेकारांच्या यादीत न धरणं.

‘नाझींचं चिन्ह म्हणजे आपलं स्वस्तिक का?’ दोन मिनिटांत संपवा. हिंदू, जैन, बौद्ध परंपरांतलं चिन्ह फार जुनं आहे; नाझी पक्षानं १९२० मध्ये आपल्या झेंड्यासाठी ते वापरलं. यावर पूर्ण तासिका गेली तर बळी पडलेली माणसं बाजूला राहतात.

‘मग गाझामध्ये काय चाललंय?’ हा प्रश्न येणारच. दडपू नका, आणि घाईत एका वाक्यात निकालीही काढू नका. वेगळ्या कागदावर लिहून घ्या, त्यासाठी स्वतंत्र वेळ सांगा आणि तो पाळा. त्या वेळी पायरी ३ ची व्याख्या हातात द्या. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं आंतरराष्ट्रीय न्यायालयात याच कराराखाली इस्रायलविरुद्ध दावा दाखल केला, हे सांगा. मुलांना दोन्ही बाजूंचे युक्तिवाद निकषांवर तपासू द्या. दोन गोष्टींवर मात्र ठाम राहा: एखाद्या सरकारच्या कृतीसाठी अलिबागच्या किंवा कुठल्याही ज्यू माणसाला जबाबदार धरायचं नाही, आणि आजच्या कोणाच्याही मरणाला कमी लेखायला जुन्या मरणाचा वापर करायचा नाही.

## पायरी ९. दुसरा वंशसंहार एकच घ्या

आर्मेनिया, कंबोडिया, बोस्निया, रवांडा असं सगळं दोन तासांत कोंबलं तर उरतात फक्त आकडे. रवांडा पुरे. बेल्जियन अमलात ओळखपत्रावर हुतू की तुत्सी, ही गटाची नोंद आली. रेडिओवरून महिनोन् महिने विखार पसरवला गेला. ७ एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लोक मारले गेले, बहुतेक तुत्सी. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं आपली शांतिसेना वाढवायच्या ऐवजी २७० वर आणण्याचा ठराव केला.

पायरी ५ चे प्रश्न पुन्हा विचारा: कोणाचे हात लागले? कोणाला माहीत होतं? फरक कुठे आहे? ‘कोणाचं दुःख मोठं’ हा प्रश्न फळ्यावर येऊ देऊ नका.

## पायरी १०. सामाजिक न्याय: आपल्या शाळेच्या दारात

इथे बहुतेक प्रशिक्षक घोषणांकडे वळतात. किंवा ‘जातिव्यवस्था म्हणजे होलोकॉस्टच’ असं समीकरण मांडतात, आणि मग दोन्ही इतिहास धूसर होतात. शतकानुशतकांच्या अस्पृश्यतेचा स्वतःचा इतिहास आहे, स्वतःचा लढा आहे, २० मार्च १९२७ चं महाडचं चवदार तळं आहे, घटनेचं कलम १७ आहे. तिचं गांभीर्य सिद्ध करायला युरोपाची गरज नाही.

होलोकॉस्टमधून इथे आणायचा आहे तो पायऱ्यांवरचा प्रश्न: आपल्या रोजच्या कामात माणसं वेगळी काढणारे कोणते कागद, कोणत्या सवयी आहेत? प्रत्येकानं स्वतःच्या शाळेची यादी करायची. शिष्यवृत्तीसाठी जातवार नावं वर्गात मोठ्यानं वाचली जातात का? पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं? पाण्याच्या टाकीवर कोण हात लावतं, झाडलोट कोणाच्या वाट्याला येते? भटक्या कुटुंबातल्या मुलांना मस्टरवर ‘अनियमित’ लिहून कोण मोकळं होतं? प्रत्येक उत्तरासमोर एक बदल लिहायचा, जो मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय सोमवारी करता येईल. शिष्यवृत्तीची यादी वाचण्याऐवजी पालकांना स्वतंत्रपणे कळवणं, असा.

तपासा: या यादीत ‘जनजागृती करणे’, ‘समता बाणवणे’ असं काही आलं तर परत द्या.

## पायरी ११. टाचण आणि पाठपुरावा

शेवटच्या दीड तासात प्रत्येक शिक्षकानं तीन तासिकांचं टाचण लिहायचं: पहिली युद्धाआधीच्या जीवनावर, दुसरी पायऱ्यांच्या पत्त्यांवर, तिसरी एका माणसाच्या गोष्टीवर आणि मुलांच्या प्रश्नांवर. फक्त एकच तासिका मिळणार असेल तर दुसरी घ्या. वापरायचा प्रत्येक फोटो मागच्या तीन नोंदींसह जोडायचा.

तिसरी तासिका शाळा सुटण्याच्या वेळेला लावू नका. मुलांना नंतर बोलायला कोणीतरी हवं. २७ जानेवारी हा ऑशविट्झच्या मुक्ततेचा दिवस स्मरणदिन म्हणून ठरलेला असला, तरी आपल्या शाळांत तो प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी येतो, तेव्हा ना शिक्षकांत जीव असतो ना वर्ग भरलेला. धडा अभ्यासक्रमात जेव्हा येतो तेव्हाच शिकवा.

साधारण सहा आठवड्यांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत पुन्हा भेटा. शिक्षकांना अभिप्रायाचे फॉर्म आणायला सांगू नका. मुलांच्या पाच वह्या आणायला सांगा. त्यांत कर्ता असलेली वाक्यं आहेत का, एकाही माणसाचं नाव आहे का, आणि ‘हिटलर’ सोडून दुसरं कोणी काही करताना दिसतंय का, एवढं पाहा. दिसत नसेल, तर पायरी ५ पुन्हा घ्यायची आहे.